पोरगा चीनला निघाला, तर घरच्यांनी काय माहीत करून घ्यावं?
यिवू शहरात परदेशी माणसाचा रोजचा दिवस कसा जातो

भातकुलीच्या आठवडी बाजारात खेळण्यांची पाल लागते, केसांच्या पिना, मोबाइलची कव्हरं, रंगीत दिव्यांच्या माळा विकायला येतात. रमजानात अमरावतीच्या इतवाऱ्यात तसबीह आणि जानमाज यांचे ढीग लागतात. अशा वस्तू ज्या बाजारातून साऱ्या जगात जातात, तो बाजार चीनच्या झेजियांग प्रांतातल्या यिवू नावाच्या शहरात आहे. मुंबईच्या मस्जिद बंदरच्या घाऊक व्यापाऱ्यांना हे नाव पाठ आहे. वऱ्हाडात ते आता आता कानावर येऊ लागलंय, कारण आपली पोरंही तिकडे निघाली आहेत. कुणी मालाची तपासणी आणि पॅकिंग बघायला एखाद्या व्यापाऱ्याकडे लागतो, कुणी दुसऱ्या एखाद्या चिनी शहरात एमबीबीएसला जातो.

घरच्या मंडळींचा आमच्याकडे पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: तिथं हलाल मिळतं का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढे देतोच. पण तो पहिला प्रश्न नव्हे. पोरगा उतरल्यापासून चोवीस तासांत त्याची पोलिसांत नोंद झाली का, हे आधी विचारा.

कोंबडीच्या पिसांपासून कंटेनरपर्यंत

यिवू समजून घ्यायला आपल्या वऱ्हाडी माणसाला फार वेळ लागू नये. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येते, डोक्याच्या केसांवर फुगे-भांडी देणारे फिरतात. यिवूचे लोक नेमका हाच धंदा करत. खांद्यावर कावड, हातात डमरूसारखं खुळखुळणारं वाद्य, आणि गावोगाव फिरून गुळाच्या साखरेच्या बदल्यात कोंबडीची पिसं गोळा करायची. पिसांचं खत व्हायचं, झटकण्या व्हायच्या. जमीन कमी आणि कसदार नाही, म्हणून हा फिरता उद्योग. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे कारण वेगळं समजवायला नको.

माओच्या काळात असा व्यापार म्हणजे गुन्हा होता. १९८२ मध्ये तिथले पक्षसचिव शिए गाओहुआ यांनी जोखीम घेऊन बाजाराला परवानगी दिली. सुरुवातीला सगळं उघड्यावर होतं. आज तिथल्या व्यापारनगरीत सुमारे ७५ हजार गाळे आहेत. एका गाळ्यावर तीन मिनिटं थांबायचं ठरवलं आणि दिवसाला आठ तास फिरलं, तरी सगळा बाजार बघायला सुमारे ४६९ दिवस लागतील. हिशेब आमचाच आहे, करून पाहा. २०१४ च्या नोव्हेंबरात इथून निघालेली मालगाडी सुमारे १३ हजार किलोमीटर तोडून एकवीस दिवसांत स्पेनच्या माद्रिदला पोचली. त्याच वर्षी चीनचे तेव्हाचे पंतप्रधान ली खछियांग यिवूजवळच्या छिंगयानलिऊ गावी गेले होते. हे गाव ऑनलाइन विक्रीसाठी देशात गाजलं होतं. जुनी घरं पाडून तिथं चार-पाच मजली घरं झाली. तळमजल्यावर गोदाम, वर भाडेकरू. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांवर गेली.

एवढं सांगायचं कारण असं, की या शहरात तीन वर्षांपूर्वीची माहिती शिळी असते. मोहल्ल्यातला कुणी "मी कोविडच्या आधी गेलो होतो, मला सगळं माहीत आहे" म्हणाला, तर त्याला चहा पाजा, पण पैसे कसे द्यायचे आणि सिमकार्ड कसं घ्यायचं हे त्याला विचारू नका.

चोवीस तास आणि पासपोर्टवरचं नाव

चीनचा परदेशी लोकांविषयीचा आजचा कायदा १ जुलै २०१३ पासून लागू आहे. त्यात असं आहे, की परदेशी माणूस हॉटेलात उतरला तर त्याची नोंद हॉटेलवालाच करतो. पण भाड्याच्या खोलीत, मित्राकडे किंवा नातेवाइकाकडे राहिला, तर चोवीस तासांच्या आत त्या भागातल्या पोलिस ठाण्यात नोंद करायची असते. खोली बदलली की पुन्हा नोंद. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसानं पासपोर्ट सोबत ठेवायचा असतो. ज्याच्या व्हिसावर निवास परवाना घ्यायची अट आहे, त्यानं आल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५०० युआन दंड, जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत, किंवा पाच ते पंधरा दिवस कोठडी. एक युआन साधारण बारा रुपयांच्या घरात धरा, म्हणजे दिवसाचे सहा हजार रुपये झाले.

आपल्या लोकांची अडचण बऱ्याचदा नावापाशी येते. वऱ्हाडात "शेख अमुक शेख तमुक" अशी नावं लिहायची रीत आहे. आधार कार्डावर एक, दहावीच्या सनदेवर दुसरं, पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा किंवा त्यात भलतंच काही. इथं तलाठी समजून घेतो, मुख्याध्यापक समजून घेतात. तिथं समजून घेणारा माणूस मध्ये नसतोच, समोर यंत्र असतं. सिमकार्ड, बँक खातं, रेल्वेचं तिकीट, मोबाइलवरचं पैशाचं अॅप हे सगळं पासपोर्टवरच्या नावाशी आणि क्रमांकाशी जोडलेलं. बँकेत नाव एका क्रमानं आणि अॅपवर दुसऱ्या क्रमानं भरलं की अॅप अडतं. म्हणून पासपोर्ट काढतानाच नाव सरळ करून घ्या आणि सनदेशी जुळवा. विमानात बसल्यावर हे काम होत नाही.

हॉटेलांचंही ऐका. कित्येक लहान हॉटेलं वर्षानुवर्षं परदेशी माणसाला दारातूनच परत पाठवायची. परदेशी म्हणून कुणाला नाकारता येणार नाही, असं २०२४ मध्ये सरकारनं स्पष्ट केलं. तरी रात्री अकराला काउंटरवरच्या पोरीला नोंदणीचं अॅप चालवता येत नसेल, तर नियम खिशात ठेवून बाहेर उभं राहावं लागतं. पहिल्या रात्रीची सोय आधी पक्की करून जावी.

खिशात नोटा, तरी उपाशी

आता पैशाचं. भाजीवाल्याकडे क्यूआर कोड ही गोष्ट आपल्याला नवी राहिली नाही, भातकुलीतही आहे. पण आपल्याकडे फोन बंद पडला तर दहाची नोट चालते. यिवूत नोट कायद्यानं नाकारता येत नाही, हे खरं. चीनच्या मध्यवर्ती बँकेनं तसं बजावलं आहे. पण नूडलवाल्याच्या गल्ल्यात सुट्टे नसतात आणि तो हसून हात हलवतो. वीचॅट आणि अलीपे या दोन अॅपवर सगळा संसार चालतो. भाडं, वीज, रिक्षासारखी मागवायची गाडी, दवाखान्याचा नंबर, जेवणाची ऑर्डर, सगळं.

आधी परदेशी माणसाला चिनी बँक खात्याशिवाय ही अॅप नीट वापरता येत नसत. २०२३ पासून परदेशी कार्ड जोडता येतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं. आपलं साधं रुपे कार्ड घेऊन गेलात तर अडचण होईल, तेव्हा बँकेतून आंतरराष्ट्रीय वापर सुरू असलेलं कार्ड घ्या. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, त्यावर गेलं की सुमारे तीन टक्के लागतो. म्हणून मोठी रक्कम अशी देऊ नये. दोन्ही अॅपवर पासपोर्टची पडताळणी लवकरात लवकर पूर्ण करून घेणं बरं. मात्र भारत सरकारनं २०२० च्या जूनमध्ये ज्या ५९ चिनी अॅपवर बंदी घातली त्यात वीचॅट आहे. म्हणजे ते तिकडे उतरल्यावरच घ्यावं लागतं.

रेल्वे स्टेशनवर चिनी माणूस ओळखपत्र टेकवून दोन सेकंदांत फाटकातून जातो. परदेशी माणसानं माणूस बसलेला काउंटर शोधायचा. बडनेऱ्याला गाडी पकडायची सवय असलेल्यानं अर्धा तास आधी जावं.

हलाल आणि नमाज

हलाल मिळतं. चिनी भाषेत त्याला "छिंगचन" म्हणतात आणि पाटीवर ती दोन चिनी अक्षरं असतात. पाटी बहुतेक हिरवी किंवा निळी. पूर्वी बाजूला अरबीत "हलाल" लिहिलेलं असायचं. बीजिंगसारख्या शहरांत २०१९ च्या सुमारास दुकानांना ती अरबी अक्षरं झाकायला किंवा काढायला सांगितलं गेलं. म्हणून अरबी शोधत फिरू नका, ती दोन चिनी अक्षरं फोनमध्ये चित्र म्हणून ठेवा. गल्लोगल्ली हातानं ताणलेल्या नूडलची छोटी हॉटेलं दिसतात. लानझोऊ शहराच्या नावानं चालणारी ही हॉटेलं बहुतेक छिंगहाय आणि गान्सू प्रांतांतल्या हुई आणि सालार मुसलमानांची असतात. गरम रस्सा, गोमांसाचे काप, वरून कोथिंबीर. पोट भरतं आणि खिशाला जड जात नाही.

एक बारीक गोष्ट. चिनी माणूस नुसतं "रोउ" म्हणजे मांस म्हणाला, तर तो डुकराच्या मांसाविषयी बोलतोय असं धरा. भाजी मागितली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. "मांस नको" म्हणून भागत नाही. यिवूत मात्र अरबी, तुर्की, पाकिस्तानी आणि भारतीय जेवणाची हॉटेलं एकाच भागात दाटीनं आहेत. तिथं संध्याकाळी गेलं तर आपण चीनमध्ये आहोत की शारजात, असा प्रश्न पडावा.

यिवूची मोठी मशीद पूर्वीच्या रेशीम कारखान्याच्या जागेत आहे. जुम्याला तिथं हजारोंनी लोक येतात. येमेनी, इराकी, आफ्रिकी, हुई, आपल्याकडचे, सगळे एका सफेत. पण बाहेरच्या गोष्टीत फरक ओळखावा. परदेशी माणसाला नोंदणी असलेल्या जागी इबादत करता येते. धर्माचा प्रचार करता येत नाही, खोलीत जमवून दर्स किंवा जमातीचं काम करता येत नाही, आणि किताबं नेली तर स्वतःपुरतीच. १९९४ पासून हा नियम आहे आणि मे २०२५ पासून तो आणखी बारकाईनं लिहिला गेलाय. कुणाच्या सांगण्यावरून किताबांचं गाठोडं सामानात घालू नका.

शिनजियांगचा उल्लेख टाळणं आम्हाला बरं वाटत नाही. तिथल्या उइगुर मुसलमानांवरचे अत्याचार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयानं ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात नमूद केलं. चीन सरकारला ते मान्य नाही. यिवूच्या बाजारात ज्या मोकळेपणानं जुम्याची गर्दी होते, ते चीनमधल्या प्रत्येक मुसलमानाचं चित्र नव्हे. व्यापाऱ्याची गरज असते तिथं मोकळीक दिसते, असं आमचं मत. तिकडे गेलेल्या पोरानं वीचॅटवर या विषयाची चर्चा करू नये, कारण ते अॅप काय काय बघतं हे त्याच्या हातात नाही.

दुसऱ्याच्या सहीवर सही नको

आता जिथं खरोखर धोका आहे तिथं येतो. यिवूचा बाजार बराचसा उधारीवर चालतो. गाळेवाला निर्यात कंपनीला माल देतो, पैसे महिना-दोन महिन्यांनी. कंपनीचा मालक परदेशी, ऑफिसात काम करणारी पोरंही परदेशी. मालक पळाला की गाळेवाले ऑफिसात जो सापडेल त्याला धरतात. २०११ च्या डिसेंबरात हेच झालं. येमेनी मालक पैसे बुडवून गेला आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या दोन भारतीयांना स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं. त्यांना सोडवायला गेलेले भारतीय अधिकारी न्यायालयात कोसळले. जानेवारी २०१२ मध्ये भारतीय दूतावासानं यिवूत धंदा करू नका, असा इशाराच काढला होता.

त्यानंतर बरंच बदललं. २०१३ मध्ये यिवूत परदेशी लोकांच्या भांडणांसाठी समेट समिती सुरू झाली आणि तिच्यात परदेशी व्यापारीच समेट करायला बसतात. ही व्यवस्था चांगली आहे. पण कायद्यातली एक गोष्ट तशीच आहे: ज्या परदेशी माणसाचा दिवाणी खटला मिटलेला नाही, त्याला न्यायालय देश सोडण्यापासून रोखू शकतं. म्हणजे पैशाच्या वादात नाव आलं की पासपोर्ट हातात असूनही विमानात बसता येत नाही. महिने जातात, व्हिसा संपतो, दंड चढतो.

म्हणून नोकरीला जाणाऱ्या पोराच्या अब्बांनी किंवा चाचांनी मालकाला दोन गोष्टी सरळ विचाराव्यात, लाज वाटू देऊ नये. पोराचा व्हिसा कोणता? कामाचा व्हिसा "झेड" असतो. "एम" म्हणजे व्यापारासाठी ये-जा, "एल" म्हणजे पर्यटन, "एक्स" म्हणजे शिक्षण. "एम"वर जाऊन महिन्याच्या पगारावर बसणं बेकायदा आहे. पकडलं तर ५ ते २० हजार युआन दंड, गंभीर असेल तर कोठडीही, आणि पुढे रवानगी. आणि दुसरं, पोराला कुठल्या कागदावर सही करावी लागणार? मालाच्या पावतीवर, ऑर्डरच्या वहीवर, कंपनीच्या नोंदणीत जबाबदार माणूस म्हणून आपलं नाव घालू द्यायचं नाही. "अरे, नुसती सही आहे" असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबायचं.

डॉक्टर व्हायला जाणारे

शिक्षणाला गेलेल्यांचा रोजचा दिवस वर सांगितला तसाच: नोंदणी, फोन, नूडल. पण त्यांचा पैसा जास्त अडकतो. कोविडच्या आधी २३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी चीनमध्ये होते, बहुतेक वैद्यकीयचे. २०२० च्या सुरुवातीला सुट्टीवर आलेली पोरं अडीच वर्षं घरीच बसली. व्हिसा पुन्हा सुरू झाले २०२२ च्या ऑगस्टअखेर. तोवर कर्जाचे हप्ते चालूच होते.

त्याच वर्षी दूतावासानं दिलेला आकडा असा: २०१५ ते २०२१ दरम्यान चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी भारतातली पात्रता परीक्षा दिली, उत्तीर्ण झाले ६,३८७. शंभरातले सोळा. एजंट हा आकडा सांगत नाही. इंग्रजीतून वैद्यकीय शिकवायला चीननं परवानगी दिलेल्या विद्यापीठांची यादी तेव्हा ४५ ची होती. यादीबाहेरचं कॉलेज कितीही स्वस्त असो, नको. नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रता, अशा अटी आहेत.

शिकवणं इंग्रजीत असलं तरी वॉर्डातला रुग्ण इंग्रजी बोलत नाही. इथं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण काढावीच लागते. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस चिनी इतकं शिकले की त्या भाषेत वैद्यकी शिकवू लागले. १९४२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते तिथंच वारले. चीन आजही त्यांना मानतो. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी जे केलं, ते वसतिगृहात राहणाऱ्या पोरानं दिवसाला तासभर काढून करायला हरकत नाही. निघण्याआधी तीन महिने सुरुवात केली, तरी पहिल्या महिन्यातली अर्धी फजिती वाचते.

घरचा फोन

शेवटी अम्मीचा प्रश्न. चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गूगल, जीमेल, यूट्यूब, फेसबुक चालत नाहीत. वीचॅट भारतात बंद. म्हणजे तिकडचा पोरगा आणि इकडची आई यांच्या फोनवर दोघांनाही सहज चालेल असं रोजचं अॅपच उरत नाही. तिथली पोरं पडदा ओलांडणारी निरनिराळी अॅप वापरतात. ती आज चालतात, उद्या बंद पडतात, आणि कायद्याच्या नजरेत ती सरळ नाहीत. भारतीय सिम रोमिंगवर ठेवलं तर व्हॉट्सअॅप बहुधा चालतं, कारण त्याचं इंटरनेट भारतातल्या कंपनीमार्फत फिरतं. महाग पडतं, पण पहिल्या महिन्याला ते हवंच. बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर येतात, म्हणून ते सिम बंद पडू देऊ नका. रिचार्ज घरच्यांनी इथून करावा.

दोन दिवस मेसेज आला नाही म्हणून रडारड करू नका. साधा आंतरराष्ट्रीय कॉल कधीही लागतो, तेवढा नंबर वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नव्हे. सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, खोलीचा पत्ता चिनी अक्षरांत, आणि शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा नंबर. झेजियांग प्रांत त्यांच्याकडे येतो. अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या "मदद" पोर्टलवर घरून तक्रार नोंदवता येते, त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

विमानाचं आता सोपं झालंय. २०२० पासून बंद असलेली थेट सेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता–ग्वांगझू मार्गानं पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ दिल्लीहून ग्वांगझू आणि शांघायचीही. आणि वेळ लक्षात ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे. भातकुलीत इशानंतर निवांत होऊन नऊला फोन लावला, तर तिकडे साडेअकरा वाजलेले असतात आणि पोराला सकाळी बाजारात उभं राहायचं असतं. असर-मगरिबच्या मध्ये लावा.